पन्नासचे पस्तीस झाले तेव्हा

तंत्रनिकेतनाच्या कचेरीला दोन दारं होती आणि एक खिडकी. दारांतून प्राचार्य, शिक्षक आणि चहावाला ये-जा करत. खिडकीतून फक्त हात येत.

ती खिडकी कुठल्या सुताराने कुठल्या मापाने बसवली होती, देव जाणे. वरची काच दुधी, तिच्यातून पलीकडचा माणूस म्हणजे नुसती सावली. खाली वीतभर उंचीची कमान, आणि तीही अशी बेतलेली की आत खुर्चीवर बसलेल्याला बाहेरच्याचं तोंड कधी दिसू नये. दिसायचे ते हात, बाह्या, शर्टाचं मधलं बटण आणि कागद. या कमानीमागे एक बाई एकतीस वर्षं बसत आल्या होत्या. दहावी झालेली मुलं-मुली पदविकेला प्रवेश घ्यायला येत, तेव्हा त्यांची पहिली गाठ या बाईंशी पडे. संस्थेत त्यांना सगळे खिडकीबाई म्हणत. त्यांच्या सेवापुस्तकातलं नाव शिपाईदादांनाही आठवत नसे, आणि शिपाईदादांना तर भिंतीवरच्या पालीचीही वंशावळ ठाऊक होती.

चेहऱ्यांचा संबंध नसल्यामुळे बाईंना हात ओळखायची सवय जडली होती. एकदा एका लग्नात कुणी उंचापुरा माणूस वाकून म्हणाला, "बाई, ओळखलंत?"

"हात दाखवा बघू."

त्याने हसत हात पुढे केले.

"डावखुरे. अर्जावर शाई सांडली होती, आणि दुसरा अर्ज मागायला अर्धा तास लाजत उभे होतात."

तो माणूस आता कुठल्याशा कारखान्याचा मुख्य अभियंता होता. त्याने सगळ्या टेबलाला ही गोष्ट सांगितली आणि बाई लाजल्या. पण घरी जाताना त्यांची चाल जरा ताठ होती.

बाईंची कामाची एक पद्धत होती, आणि या गोष्टीत जे काही घडलं ते त्या पद्धतीपायी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक वयस्क गृहस्थ मुलाला घेऊन रांगेत चार तास उभे राहिले. अर्ज घेतला, भरला, पुन्हा रांगेत उभे राहिले, आणि कमानीशी पोचल्यावर कळलं की मुलाला गणितात सत्तेचाळीस आहेत. लागतात पन्नास. गृहस्थ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे सकाळीच कुणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं."

ते वाक्य बाईंच्या मनात रुतून बसलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की अर्ज देण्याआधी गुणपत्रिका बघायची. कागद हातात आला की त्यांची नजर थेट चौथ्या ओळीवर जाई. गणित. पन्नास किंवा वर असले की अर्ज. कमी असले की मऊ आवाजात, "बाळ, इथे नाही व्हायचं. उगाच ताटकळू नकोस." आणि मग जिथे होण्यासारखं असे त्या दोन-तीन जागांची नावं त्या स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून देत. तीन सेकंदांचं काम. एकतीस वर्षांत त्यांचा हा 'नाही' एकदाही चुकला नव्हता. लोक म्हणत, नियमाचं पुस्तक बघण्यापेक्षा खिडकीबाईंना विचारा.

त्या वर्षी नियम बदलला.

वरून परिपत्रक आलं. गणितात पन्नासची अट गेली, नुसतं उत्तीर्ण असलं तरी पुरे, म्हणजे पस्तीस. त्याऐवजी अर्ज करणाऱ्याची कार्यशाळेत हातकामाची चाचणी घ्यायची, तिचे गुण धरायचे, आणि ज्यांचं गणित कच्चं असेल त्यांना वर्ग सुरू होण्याआधी सहा आठवडे गणिताची पूर्वतयारी करून घ्यायची. हातात कसब असलेली मुलं नुसत्या चौथ्या ओळीपायी बाहेर राहू नयेत, असा त्यामागचा विचार. बाईंनी ते परिपत्रक दोनदा वाचलं. त्यांना मनापासून आवडलं. शनिवारी त्यांनी स्वतः फलकावर ते चिकटवलं, पट्टी लावून, चारी कोपऱ्यांना सारखी खळ लावून. शिपाईदादा म्हणाले, "एवढं सरळ लावलंत की वाचायला मान वाकडी करावी लागत नाही म्हणून लोक वाचणारच नाहीत."

सोमवारी खिडकी उघडली. रांग लांब होती. गुरुवारी पाचला मुदत संपणार होती.

दुपारी चारच्या सुमाराला कमानीतून दोन जोड्या हात एकदमच आत आले. एक आवाज चाचरत म्हणाला, "बाई, सकाळी तुम्ही आम्हा दोघांना नाही म्हणालात. पण बाहेर फलकावर तर पस्तीस लिहिलंय."

बाईंनी त्यांच्या गुणपत्रिका ओढून घेतल्या. बेचाळीस. एक्केचाळीस. सकाळी पाहिलेले आकडे. आपणच चिकटवलेला कागद, आपल्याच हाताला अजून खळीचा वास, आणि आपलंच तोंड सकाळपासून एकतीस वर्षांचा जुना नियम सांगतंय.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या, आणि दोन अर्ज पुढे सरकवले.

मुलं खूश होऊन गेली. बाई मात्र पेन तसंच धरून बसून राहिल्या. कारण सकाळपासून त्यांनी तिघांना परत पाठवलं होतं. हे दोघं आले. तिसरी एक मुलगी होती, दुपारी बाराच्या सुमाराला आलेली. गणित अडतीस. तिने वाद घातला नव्हता. चिठ्ठी घेतली, "बरं बाई" म्हणाली, आणि हात मागे गेले. अर्जच दिला नव्हता, त्यामुळे नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. गुणपत्रिकेवर नाव असतंच, पण बाईंची नजर चौथ्या ओळीच्या वर कधी गेली होती?

संध्याकाळी घरी चहा झाला, पण बाईंचा कप तसाच राहिला. समोर त्यांचे यजमान बसले होते. हे गृहस्थ आयुष्यभर नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत, पडद्याच्या घडीत, एका मिणमिणत्या दिव्याखाली संहिता घेऊन उभं राहायचं आणि नटाची जीभ अडखळली की पुढचं वाक्य असं कुजबुजायचं की त्याला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. चाळीस वर्षांत प्रेक्षकांनी त्यांना एकदाही पाहिलं नाही. टाळ्या मात्र त्यांनी सगळ्या ऐकल्या, आणि कोणती टाळी कुणाची, याचा हिशोब त्यांच्याइतका चोख कुणाला सांगता येत नसे.

बाईंनी सगळं सांगितलं. यजमानांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग चष्मा काढून पुसला.

"तुला सासऱ्याची गोष्ट सांगितली का मी कधी?"

"तुमच्या गोष्टी ऐकायची वेळ आहे का ही?"

"हीच आहे. एक नाटक होतं, त्यात तिसऱ्या अंकात सासरा मरायचा. पन्नास प्रयोग झाले. मग लेखकाने अंक बदलला. सासरा जिवंत. नवी पानं माझ्या हातात, दिवा नव्या पानावर. पण मला जुनं सगळं पाठ. सुनेचं काम करणारी बाई अडखळली, आणि माझ्या तोंडून जुनं वाक्य गेलं: 'मामंजी गेले.' तिने माझ्या आवाजावर भरवसा ठेवला आणि खणखणीत म्हणून टाकलं. सासरा विंगेत काठी घेऊन एन्ट्रीला तयार उभा."

बाईंना हसू आलं, मग आवरलं. "मग काय केलंत?"

"मी काय करणार? मी दिसायचं नसतं. तो नट बिलंदर होता. काठी टेकत आत गेला, घाम पुसला आणि म्हणाला, 'बातमी चुकीची होती.' थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी." त्यांनी चष्मा चढवला. "त्या रात्रीपासून पाठ असलेल्या ओळीवरसुद्धा बोट ठेवून वाचायला लागलो. पाठ झालं की प्रॉम्प्टरचं लक्ष उडतं. आणि समोरचा माणूस संहिता बघत नाही गं. आपला आवाज ऐकतो."

"पण तुमच्याकडे तो नट होता. इथे कोण जाणार बातमी चुकीची होती म्हणून सांगायला?"

यजमानांनी बाईंचा निवलेला कप उचलून नेला आणि चहा पुन्हा गरम करून आणला.

मंगळवारी बाई प्राचार्य मॅडमकडे गेल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मॅडम समजूतदार होत्या. "फलक लावलाय, वर्तमानपत्रात जाहिरात आलीय. मुलगी वाचेल आणि येईल. आपली जबाबदारी संपली, बाई."

"फलकाची संपली असेल," बाई म्हणाल्या. "माझी कशी संपेल? मला उद्या अर्ध्या दिवसाची रजा हवी."

मॅडमनी मान वर केली. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीबाईंनी रजा मागितल्याचं त्यांच्या आधीच्या प्राचार्यांनीही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी सही केली.

दिवसभर बाई कमानीतून येणारे हात बघत राहिल्या. तो हात आला नाही.

"हात कसा होता ते तरी सांगा," शिपाईदादा म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. "उजव्या अंगठ्याचं नख अर्धं काळं. काहीतरी आपटलेलं, पण जुनं. बोटांच्या पेरांच्या रेघांत तेल मुरलेलं, साबणाने घासून घासून जितकं जाईल तितकं घालवलेलं. आणि मनगटावर काहीतरी पांढरं पांढरं चिकटलेलं."

"मग गॅरेज. मोठ्या रस्त्याला चार आहेत."

"गॅरेजचं ग्रीस दाट असतं, त्याचा वास दुसरा. हे पातळ तेल होतं. वास जवळजवळ नव्हताच."

कोडं सुटलं ते घरी, आणि सोडवलं यजमानांनी. "पांढरं म्हणजे सुताचे तंतू असतील. आमच्या कपडेपटात मशीन दुरुस्तीला एक माणूस यायचा, त्याचे हात अस्से असायचे. तेल, आणि तेलाला चिकटलेलं सूत. शिलाई मशीनवाल्याची पोरगी आहे ती."

बुधवारी दुपारी शिपाईदादा खिडकीत बसले. बसताना म्हणाले, "मला नियम नाही येत हां, बाई. 'नाही' कुणाला म्हणायचं ते सांगून जा."

"कुणालाच म्हणायचं नाही. येईल त्याला अर्ज द्यायचा."

"मग हे काम तर मीही केलं असतं एकतीस वर्षं," दादा म्हणाले, आणि बाईंना ते लागलं. पण ते खरंच होतं, म्हणून त्या पिशवी उचलून निघाल्या.

शिंप्यांच्या गल्लीत पहिल्या तीन दुकानांनी मशीन दुरुस्तीला कंपनीचा माणूस येतो म्हणून सांगितलं. चौथ्या दुकानात एक जाडसर बाई ब्लाउजला काजं करत बसली होती. "माझं मशीन? कारागीर येतो ना. म्हणजे येतो तो, आणि करते त्याची मुलगी. तो चष्मा शोधत बसतो. लाँड्रीच्या मागे खोली आहे त्यांची. पण लवकर जा हो, पोरगी शुक्रवारी मावशीकडे चाललीय, दुसऱ्या गावी. कपड्यांच्या कारखान्यात लावून देतायत. पक्कं झालंय म्हणे."

बाईंच्या पायांना वेग आला.

खोली छोटी, पण लख्ख होती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर मशीनची डोकी ओळीने मांडलेली, जणू विंगेत आपापल्या प्रवेशाची वाट बघणारी मंडळी. दाराशी एक माणूस स्टुलावर बसून खरोखरच चष्मा शोधत होता. तो त्याच्या कपाळावर होता. आत एक मुलगी मशीन उलटं करून त्याच्या पोटात डोकं घालून बसली होती.

"कोणतं मशीन आहे तुमचं?" माणसाने विचारलं.

"मशीन नाही. मला तुमच्या मुलीचे हात बघायचेत."

त्याने बाईंकडे, मग मुलीकडे पाहिलं. "स्थळ आणलंय का? ती सोळा वर्षांची आहे."

तेवढ्यात मुलीने डोकं बाहेर काढलं. चेहरा अर्थातच बाईंनी कधी पाहिलेला नव्हता, आणि मुलीनेही बाईंचा पाहिला नव्हता. पण ती स्थिर नजरेने बघत राहिली. "हा आवाज तर त्या खिडकीतला आहे."

"हो. मी खिडकी," बाई म्हणाल्या, आणि मग जे बोलायचं म्हणून रस्ताभर घोकलं होतं ते सगळं विसरल्या. उरलं ते एवढंच: "परवा मी तुला जे सांगितलं, ते चुकीचं होतं."

मुलगी फडक्याला हात पुसत उठली. अंगठ्याचं नख अर्धं काळं. "म्हणजे माझ्या अडतीसचे पन्नास झाले का?"

"नाही. पन्नासचे पस्तीस झाले. शनिवारीच झाले होते."

बाप एकदम बोलला. आवाज चढवला नाही, म्हणूनच जास्त लागलं. "आम्ही वाचलं होतं ते, बाई. फलकावर. मी हिला म्हटलंही, पस्तीस लिहिलंय बघ. तर ही म्हणाली, बाबा, बाई इतकी वर्षं तिथे आहेत, त्यांना जास्त कळतं. फलकापेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवला हिने."

बाई खाली बघत राहिल्या. जमिनीवर सुताचे तुकडे होते, पांढरे, निळे.

"मावशीला शब्द दिलाय आता," बाप पुढे म्हणाला. "तिने तिकडे कुणाकुणाला सांगितलंय. आज हो, उद्या नाही, परवा पुन्हा हो. पोरीचं काय व्हायचं?"

मुलगी मध्येच म्हणाली, "मी आले तर पुन्हा नाही म्हणणार नाही ना?"

इथे 'कुणीच नाही म्हणणार नाही' असं सांगून टाकणं सोपं होतं. बाईंच्या जिभेवर ते आलंही. पण त्यांनी ते गिळलं. "मी म्हणणार नाही. पण कार्यशाळेत चाचणी आहे. तिथले लोक म्हणू शकतात. त्यांना मी ओळखत नाही असं नाही, पण तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही. पास झालीस तर वर सहा आठवडे गणित करावं लागेल, रोज. ते तुला आवडणार नाही."

"अजिबात नाही आवडणार," मुलगी म्हणाली.

बाईंनी पिशवीतून परिपत्रकाची प्रत काढली आणि मशीनच्या पाठीवर ठेवली. "हे तू वाच. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. बाबांना वाचून दाखव. माझ्या सांगण्यावर येऊ नकोस. उद्या पाचपर्यंत खिडकी उघडी आहे."

त्या निघाल्या तेव्हा मुलगी कागद उचलत होती, दोन बोटांच्या टोकांनी, तेल लागू नये म्हणून.

गुरुवारी कचेरीत नेहमीपेक्षा शांतता होती. शेवटच्या दिवशी येणारे थोडेच असतात, पण धापा टाकत येतात. तीन वाजले. चार वाजले. प्रत्येक हात आत आला की बाई आधी अंगठा बघत, मग अर्ज देत. साडेचारला प्राचार्य मॅडम सहज म्हणून आल्या आणि सहज म्हणून गेल्या. पावणेपाचला दादांनी झाडू घेतला, आणि खिडकीसमोरचीच फरशी पुन्हा पुन्हा झाडू लागले.

"दादा, ती झिजेल."

"येईल हो, बाई."

"नाही आली तरी तिची काही चूक नाही."

पाचला आठ मिनिटं होती तेव्हा दुधी काचेवर दोन सावल्या पडल्या, एक उंच, एक ठेंगणी. कमानीतून हात आला. नख अर्धं काळं, पेरांत तेल, या वेळी घाईत धुतलेलं. हातात गुणपत्रिका होती.

बाईंनी ती बाजूला सारली आणि आधी अर्ज पुढे केला.

"बघणार नाही?" मुलीने विचारलं.

"नंतर. आधी तू भर."

मुलीने तिथेच, कमानीच्या कठड्यावर, अर्ज भरला. दोन मिनिटं राहिली असताना शिक्का पडला. पावती फाडताना बाईंनी गुणपत्रिका वरून वाचली, पहिल्या ओळीपासून. सगळ्यात वर नाव होतं. ते त्यांनी सावकाश, एकेक अक्षर लावून पावतीवर उतरवलं. बाहेर बाप म्हणत होता, "मावशी ओरडेल, पण तिचं मशीन आपणच दुरुस्त करतो, किती ओरडेल?"

पुढच्या आठवड्यात चाचणी झाली. बाई त्या दिवशी कार्यशाळेच्या बाजूला फिरकल्याही नाहीत. दादा मात्र तीनदा पाणी घेऊन गेले आणि दर वेळी नवी बातमी घेऊन आले. कानशीने लोखंड सपाट करायचं होतं, ते तिला जेमतेम जमलं. सुटे भाग जोडून छोटा पंप चालू करायचा होता, तो तिने सगळ्यांच्या आधी चालू केला. यादी लागली तेव्हा ती फलकावर बाईंनीच चिकटवली. चिकटवण्याआधी बोट ठेवून वाचली. चोवीस जागा होत्या. मुलीचं नाव एकविसावं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं, मग पट्टी घेतली आणि खळ लावली.

सहा आठवडे ती मुलगी रोज सकाळी गणिताच्या वर्गाला आली. जाताना खिडकीजवळ थांबत नसे, बोलत नसे. फक्त कमानीतून क्षणभर एक पंजा आत दाखवी आणि पुढे जाई. नखावरचा काळा भाग हळूहळू वर सरकत होता. कधी पंजा मरगळलेला असे. त्या दिवशी बाई समजत की अपूर्णांक चालू आहेत.

खिडकीबाईंची रांग आता जरा हळू सरकते. दादा कुरकुरतात, मॅडमनी एकदा घड्याळाकडे पाहिलंही. बाईंनी टेबलाच्या काचेखाली नियमांचा कागद ठेवलाय, आणि तो त्यांना तोंडपाठ आहे. तरीसुद्धा परवा एका बापाचे हात आत आले, चुना लागलेले, गुणपत्रिका घट्ट धरलेले, आणि तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बाई, एवढ्यावर होईल ना माझ्या मुलाचं?"

बाईंना उत्तर माहीत होतं. त्यांनी चष्मा लावला, काचेवर बोट ठेवलं.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. "वाचून सांगते."